बोटं साथ देत नाहीत आणि गमले ४३ : देऊन टाकू की ठेवू?

ओटल्यावरची (इंदूर)
९ जानेवारी

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचूनच राहिले होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ६१, घर रामबागेत, जुनं, खाली ओटला आणि वर छत. छतावर ४३ गमले. (पुण्याकडच्यांनी कुंड्या असं वाचावं. आमच्याकडे दुकानात कुंडी मागितली तर तो दाराची कडी काढून देतो.) सहा वर्षं झाली मला आमवात आहे, तो ऱ्हुमॅटॉइडवाला, वयानं होते ती गुडघेदुखी नाही. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास बोटं वळतच नाहीत, कप धरायचा तर दोन्ही तळव्यांत धरते. आणि नर्मदेचे नळ आमच्याकडे एक दिवसाआड, तेही पहाटे साडेपाचला. म्हणजे पाणी असतं तेव्हा हात नसतात आणि साडेआठला हात येतात तेव्हा नळ गेलेले असतात.

मागच्या रविवारी सासूबाईंचा मोगरा जरा उन्हाकडे फिरवायला गेले आणि सुटला हातातून. सासूबाईंनी देवासहून माहेरची फांदी आणून लावलेला, माझ्या लग्नाच्याही आधीचा. गमल्याच्या खापऱ्या झाल्या, मुळं उघडी. आवाज ऐकून हे वर आले, काही बोलले नाहीत, झाडू घेऊन सगळं गोळा केलं आणि जेवताना हळूच म्हणाले की आपण सगळे गमले कॉलनीच्या बगिच्यात देऊन टाकू, तिथे माळी आहे, तू रोज जाऊन बघत जा. रागावून बोलले असते तर मी भांडले असते. प्रेमानं बोलले तिथेच पंचाईत झाली.

मोगरा सध्या प्लास्टिकच्या बादलीत आहे. माझ्या मनात असं की छतावरच कमरेइतक्या उंच विटांच्या टाक्या बांधून घ्याव्या, माती भरावी, म्हणजे वाकायला नको आणि उचलायलाही नको. कोणी केलं आहे का असं? हात, पाय, पाठ, काहीही धड नसताना बाग करणारे इथे कोणी असतील तर सांगा.

रिमझिम_पुणे
९ जानेवारी

काकू, एवढा विचार कशाला करता, सरळ माळी ठेवा. आठवड्यातून दोनदा येईल, सगळं बघेल. तुम्ही खुर्चीत बसून फक्त सांगायचं.

ग्वाल्हेरची_थंडी
९ जानेवारी

रिमझिम, माळी ठेवून पाहिलाय हो. आमचा माळी भर एप्रिलमध्ये मोगरा छाटून गेला, कळ्यांसकट. वर मला म्हणतो 'जंगल हो गया था, साफ कर दिया'. माझं पंधरा दिवसांचं गजऱ्याचं स्वप्न घंटागाडीत गेलं.

ओटल्यावरची ताई, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं तर कायमचं बंद. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच, पहाटे पारा चार-पाचपर्यंत जातो आणि मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे. मग मी काय केलं, बागेची वेळच बदलली. पहाटे बागेत जायचं हे कुठे लिहून ठेवलंय का? थंडीत मी अकरा वाजता उन्हात जाते, गरम पाण्यात हात बुडवून, सांधे मोकळे करून. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर. झाडांना चालतं हो, आपल्यालाच उगाच वाटत असतं की पहाटे पाणी घातलं नाही तर पाप लागेल.

निवृत्त_ओव्हरसियर (इंदूर)
१० जानेवारी

ताई, आधी तो विटांचा बेत थांबवा. हात जोडून सांगतो. मी आयुष्यभर छतंच मोजली आहेत.

हिशोब बघा. एक मीटर बाय एक मीटर जागा, त्यावर फक्त एक फूट माती, आपली मालव्याची काळी, पाणी पिऊन बसलेली. वजन साधारण अर्धा टन. ज्या छतावर लोक वावरणार त्याचा हिशोब करताना चौरस मीटरला दीडशे किलो धरतात, आणि तेही नव्या स्लॅबला. रामबागेतलं जुनं घर म्हणजे बहुतेक गर्डर-फर्शीचं छत (लोखंडी गर्डरांवर दगडी फरश्या) असणार, मग तर विचारूच नका. आणि तुम्ही म्हणताय कमरेइतकं, म्हणजे अडीच फूट, विटा वेगळ्या. पावसाळ्यात तुमची बाग तुमच्या स्वैपाकघरात उतरेल.

दुसरी गोष्ट, काळी माती गमल्यात एकटी भरूच नये. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, भेगांतून पाणी सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच. एक वाटा माती, एक वाटा खत, एक वाटा कोकोपीट किंवा भाताचा तूस. वजन जवळजवळ निम्मं होतं. बारा इंची मातीचा गमला काळ्या मातीनं भरून पाणी घातलं तर वीस-पंचवीस किलो जातो, तो तुमच्या हातून सुटला यात हाताचा दोष कमी आणि मातीचा जास्त.

घराला ओटला आहे म्हणालात ना? मग छतावर चढताच कशाला?

आयुर्वेदप्रेमी_७१
१० जानेवारी

आमवातावर एरंडेल तेल आणि सुंठ यासारखं दुसरं काही नाही. इंग्रजी औषधं आधी बंद करा. बाकी मी मेसेज करतो.

ओटल्यावरची (इंदूर)
१० जानेवारी

आयुर्वेदप्रेमी, मेसेज नको. औषधं माझी माझ्या डॉक्टरांशी ठरली आहेत, ती बंद केली की काय होतं ते दोन वर्षांपूर्वी बघून झालंय, तीन महिने केस बांधता येत नव्हते. इथे फक्त मातीचं बोलू या.

ओव्हरसियर भाऊ, गर्डर-फर्शीच आहे. घाबरवलंत पण बरं केलंत. ओटल्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ओटला म्हणजे बसायची जागा. पूर्वेकडे तोंड आहे, सकाळी सातपासून बारापर्यंत ऊन असतं.

उजवा_हात (इंदूर)
११ जानेवारी

सगळं वाचलं. मी स्नेहलतागंजमध्ये राहतो, वय ५७, चार वर्षांपूर्वी लकवा झाला, डावी बाजू. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालतो, डावा हात मात्र नुसता लटकलेला असतो, कधीमधी कागद दाबून धरण्यापुरता कामाला येतो. एका हातानंच टाइप करतो, म्हणून काना-मात्रा माफ.

माझे फक्त १४ गमले आहेत. तरी सांगतो.

दवाखान्यातून आल्यावर दोन महिन्यांनी मी पाणी घालायला लागलो. रोज घालायचो, मन लावून. आणि तरी रांगेतले डावीकडचे चार गमले वाळून गेले. घरच्यांना वाटलं मी विसरतो. मलाही वाटलं डोकं गेलं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही, डोळे ठीक असतात पण डावीकडचं जग मेंदूच्या हिशोबात येत नाही. ताटातलीही डावीकडची भाजी तशीच राहायची माझी, बायको म्हणायची आवडली नाही का. मग त्यांनी एक युक्ती दिली, सगळ्यात डावीकडच्या गमल्याला लाल रिबीन बांधायची आणि लाल दिसेपर्यंत मान फिरवतच राहायचं, दिसलं की तिथून पाणी सुरू करायचं. आज चार वर्षं रिबीन आहे. आता तिची गरज नाही खरं म्हणजे, पण बायको दर दिवाळीला नवी बांधते.

एका हातानं रोप लावायचं तर सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गमला फिरतो. खुरपी मारली की गमला निघाला पलीकडे. त्याखाली गाडीतली जुनी रबरी मॅट ओली करून टाकतो, जागचा हलत नाही. छोटा गमला असेल तर टेबलाच्या खणात ठेवून खण मांडीनं दाबतो. रोपाची पिशवी दातानं फाडत होतो, मग एक दिवस तोंडात गांडूळखत गेलं आणि ते सोडलं. आता कात्री टेबलाला दोरीनं बांधलेली असते. खुरपीऐवजी पोह्यांचा मोठा डाव वापरतो, हसू नका, त्याची दांडी लांब असते आणि धरायला हलका.

एक गोष्ट ओटल्यावरचींच्या यजमानांसाठी. मला सगळ्यात जास्त त्रास लकव्यानं नाही दिला, 'ठेवा हो, मी करते' यानं दिला. बायको प्रेमानंच म्हणायची. पण दर वेळेला ती माझ्या हातातलं काढून घ्यायची आणि दोन मिनिटांत करून मोकळी. मला त्याच कामाला चाळीस मिनिटं लागायची आणि ती चाळीस मिनिटंच तर मला हवी होती. शेवटी आम्ही ठरवलं की एक महिना ती बागेत खुर्ची टाकून बसेल पण हात लावणार नाही. मी सांडलं, पाडलं, एकदा स्वतः पडलो. तिनं पदर तोंडात धरून बसून काढलं. तो महिना तिला जास्त अवघड गेला असं मी आजही म्हणतो.

ग्वाल्हेरची_थंडी
११ जानेवारी

उजवा_हात, तुमची पोस्ट दोनदा वाचली. चाळीस मिनिटांचं अगदी अगदी. माझी सूनही गुणी आहे, तिला ही ओळ पाठवली.

चाकांवर (इंदूर)
११ जानेवारी, रात्री

मी सुदामानगरमध्ये, ३३ वर्षांचा, नऊ वर्षांपूर्वी बाइकवरून पडलो, मणक्याला इजा, छातीपासून खाली काही नाही. व्हीलचेअर. बाग म्हणजे तळमजल्याच्या फ्लॅटमागची गल्लीवजा जागा, ज्यात बिल्डरनं फुकट दिल्यासारखं दाखवून पैसे लावले.

आकडे लिहून घ्या, मी सगळे चुकून चुकून शिकलोय. खुर्ची सरळ आत गेली पाहिजे, म्हणजे टेबलाखाली गुडघ्यांना ७० सेंटिमीटर तरी मोकळी उंची. ती नसेल तर माणूस आडवा बसून कमरेतून वळून काम करतो आणि आठवड्यात पाठ बसते. हात पुढे साठ सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचतो, म्हणून भिंतीला लागून वाफा असेल तर रुंदी त्याहून जास्त नको, दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर एकशेवीस. खुर्ची जायला वाट ९० ची. आणि चढ असेल तर एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांब उतार. लोक तीन पायऱ्यांवर दीड फुटाची फळी टाकतात आणि म्हणतात रॅम्प केला, ती घसरगुंडी असते.

हे खुर्चीवाल्यांसाठीच असं नाही, ताईंनाही उपयोगी आहे. बसून काम करा ना. उभं राहायचं कोणी सांगितलंय.

टेबल विकत घेऊ नका. अटाल्यात (भंगारवाल्याकडे) जा आणि कूलरचे जुने लोखंडी स्टँड बघा. इंदुरात दर घरी कूलर होता, आता एसी आले, स्टँड ढिगानं पडलेत. अडीच फुटांपर्यंतचे मिळतात, वजन घेतात, काहींना चाकंही असतात. फक्त पुढची खालची आडवी पट्टी वेल्डिंगवाल्याकडून कापून घ्या नाहीतर गुडघे आपटतात. वर मी जुन्या किचनचा कडप्पा टाकलाय आणि त्यावर फळांचे प्लास्टिक क्रेट, आत जुनं बारदान. पालक, मेथी, कोथिंबिरीला सहा-आठ इंच माती पुष्कळ झाली.

आणि एक ताकीद, ज्यांना खालची संवेदना नाही त्यांच्यासाठी. मी मे महिन्यात उन्हात पडलेला लोखंडी डबा मांडीवर घेऊन त्यात माती कालवत बसलो होतो, वीसेक मिनिटं. काही कळलं नाही. रात्री आईनं बघितलं, हाताएवढा फोड. बरा व्हायला सात आठवडे लागले. आता मांडीवर आधी लाकडी पाट, मग बाकीचं. छातीच्या खाली मला घामही येत नाही त्यामुळे उन्हात अंग तापत जातं आणि उतरत नाही, म्हणून दुपारी बाग बंद, फोटोसाठीसुद्धा नाही.

ओटल्यावरची (इंदूर)
१३ जानेवारी

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोन दिवस वाचतेच आहे. उजवा_हात भाऊ, तुमची पोस्ट यांना मोठ्यानं वाचून दाखवली. हे ऐकून उठले आणि चहा करायला गेले, जे ते कधी करत नाहीत. परत आल्यावर म्हणाले, मग मी करू काय, नुसता बसू?

म्हटलं तसं नाही, एक काम पूर्ण तुमचं. पहाटे साडेपाचचे नळ. ड्रम भरून ठेवायचा, बस. त्यापुढे माझं.

४३ पैकी २० ठेवायचे ठरवलं आहे. हे सगळ्यात कठीण होतं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही. शेवंती दिली, तिला दर वर्षी फुटवे काढा, नव्यानं लावा, शेंडे खुडा, काठ्या बांधा, माझ्या बोटांना ती झेपत नाही. गुलाबही दिले, तीन सोडून सगळे, काटे आणि माझे डोळे दोन्ही. गवती चहा, कोरफड, सदाफुली, पुदिना, कढीलिंब, अळू, मायाळू राहिले, हे लोक माझ्यावर अवलंबून नाहीत, मी आजारी पडले तरी चिडत नाहीत. तुळस अर्थातच. आणि मोगरा, तो बादलीत रुसून बसला आहे, पानं पिवळी.

उद्या कूलर स्टँड बघायला जाणार.

तीन_पिढ्या_बडोदा
१५ जानेवारी

इकडे बडोद्याला आम्ही गमला पण नाही आणि कुंडी पण नाही, कुंडा म्हणतो, आणि छताला अगाशी. भांडण मिटलं!

आईला (वय ८४) बोटांचाच त्रास आहे, तिच्यासाठी केलेले जुगाड सांगते. एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा फोम घालतात तो मेकॅनिककडे तुकड्यांनी मिळतो, खुरपीच्या, कात्रीच्या, झारीच्या दांडीवर चढवायचा. दांडी जाड झाली की मूठ घट्ट आवळावी लागत नाही, तिथेच अर्धं दुखणं वाचतं. कात्री स्प्रिंगची घ्या, आपली आपण उघडते. नळाची गोल चकली काढून लिव्हरचा कॉक लावून घ्या, तो मनगटानं, अगदी कोपरानंही फिरतो. चिमटीनं करायचं काम तळव्यावर आणि तळव्याचं कोपरावर ढकलायचं, आईच्या डॉक्टरांचं हे एकच वाक्य लक्षात ठेवलंय.

बारीक बी चिमटीत धरता येत नाही ना? बी कोरड्या रेतीत मिसळायचं आणि मिठाच्या डबीतून भुरभुरायचं. आईनं यंदा राजगिरा असाच पेरला. शेजारीण म्हणाली मातीला मीठ कशाला घालताय.

झारी पूर्ण भरू नका. दहा लिटर म्हणजे दहा किलो, साधा हिशोब, पण आपण भरतोच. अर्धी भरा, दोन फेऱ्या करा.

मालवी_माती
१६ जानेवारी

खताचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. इंदूरच्या माणसानं खत विकत आणू नये! जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून कंपोस्टची जी रीत शिकवतात ती आपल्याच गावात तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या शेती संशोधन संस्थेत होते, यशवंत वाड त्यांचे सहकारी. काडीकचरा, शेण, राख, माती यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा, तीन महिन्यांत सोनं. शहराच्या स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिला नंबर आपला होता, पण कचऱ्याचं शास्त्र त्याच्या नव्वद वर्षं आधीचं आहे.

उजवा_हात (इंदूर)
१६ जानेवारी

मालवी_माती, अभिमान वाटला, पण तो ढीग उलथणार कोण? माझा डावा हात की ताईंची बोटं? हॉवर्ड साहेबांकडे बैल आणि मजूर होते.

मी झाकणाचा प्लास्टिक ड्रम आडवा ठेवतो, भोकं पाडून. ओला कचरा आणि त्याच्या दुप्पट वाळकी पानं. दोन-तीन दिवसांनी पायानं लोटतो, तिकडे जातो, परत इकडे लोटतो. निम्म्याहून जास्त भरायचा नाही, नाहीतर लोटला जात नाही.

लेक_डॉक्टर_मी_नाही
१६ जानेवारी

ओटल्यावरची ताई, लेकीला विचारून लिहिते आहे. आमवाताच्या पुष्कळ औषधांनी, मेथोट्रेक्सेट वगैरे, शरीराची जंतूंशी लढायची ताकद थोडी कमी होते. म्हणून खत हाताळताना, विशेषतः कोरडं खत हलवताना, मास्क आणि हातमोजे घाला, धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडा. काटा लागला, कापलं तर तिथल्या तिथे साबणानं धुवायचं, 'होईल बरं' नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांनी परत घ्यायचं असतं, आठवतंय का शेवटचं कधी घेतलं? मला आठवत नव्हतं.

आणि डायबिटीसवाल्यांनी बागेत अनवाणी जाऊ नये. आमच्या यांना तळव्यात खिळा घुसलेला दुसऱ्या दिवशी मोज्यावरच्या रक्तावरून कळला.

ओटल्यावरची (इंदूर)
२० फेब्रुवारी

महिन्यानं येते आहे, फजिती सांगायची होती.

दोन कूलर स्टँड मिळाले, पट्ट्या कापून घेतल्या, रंग दिला. एकावर गमले, दुसऱ्यावर पन्नास लिटरचा ड्रम. ड्रमपासून जाड नळी आणि तिच्यातून प्रत्येक गमल्याला ती शेवयांसारखी बारीक नळी, थेंब थेंब वाली. सगळं मी लावलं. बारीक नळी जाड नळीच्या भोकात बसवायला बोटांत जोर लागतो, तो नव्हता, म्हणून टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करून घातलं, एकेका नळीला पाच-पाच मिनिटं. हे खिडकीत उभे, हात मागे बांधून, अगदी उजवा_हात यांच्या मंडळींसारखे.

संध्याकाळी कॉक उघडून बघितलं, थेंब पडतात, आनंदीआनंद. कॉक बंद केला असं मला वाटलं. तो अर्धाच झाला होता. रात्रीतून दोन नळ्या निसटल्या आणि पन्नास लिटर पाणी ओटल्यावरून शेजारच्या ओटल्यावर. तिथे काकूंनी बटाट्याचे वेफर्स वाळायला ठेवले होते, सकाळी ऊन लवकर मिळावं म्हणून रात्रीच कापडावर पसरून. पाच किलो बटाटे. सकाळी त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं ते कापड पिळलं माझ्यासमोर.

मी मेथीची पहिली जुडी त्यांना नेऊन दिली. घेतली, पण हसल्या नाहीत अजून.

आता कॉकच्या दांडीला पांढरी पट्टी लावली आहे, आडवी दिसली म्हणजे बंद, लांबूनही कळतं. मोगऱ्याला मात्र नळी नाही दिली. त्याच्यासाठी माठवाल्याकडून पाणी झिरपणारं लहान मडकं आणलं, गळ्यापर्यंत मातीत पुरलं, वर झाकण. दोन-तीन दिवसांतून एकदा भरलं की आपोआप मुळांना ओल मिळत राहते. छाटणी केली, पानं सगळी काढली. स्प्रिंगची कात्री आणि काळा फोम, बडोदेकर बाई, तुमचे आभार. एका बैठकीत नाही झालं, चार दिवस लागले, रोज पाच-सहा फांद्या. आता नुसत्या काटक्या उभ्या आहेत आणि येणारे-जाणारे विचारतात, मेला का?

निवृत्त_ओव्हरसियर (इंदूर)
२१ फेब्रुवारी

ड्रम दोन फूट उंच असेल तर दाब फार नाही, म्हणून नळ्या मुळात निसटायला नको होत्या. भोक मोठं पडलं असणार. योग्य मापाचा रबरी वॉशर घाला, बसेल. बोअरचं पाणी वापरत असाल तर नळ्यांच्या तोंडाशी क्षार बसतो, आधी जाळी लावा.

काकूंच्या वेफर्सचं वाईट वाटलं.

चाकांवर (इंदूर)
२१ फेब्रुवारी

वेफर्स 😂 सॉरी काकू.

ओटल्यावरची (इंदूर)
१४ एप्रिल

आज सकाळी ६.४० ला मी ओटल्यावर खुर्चीत बसून होते, बोटं अजून लाकडासारखी. हे ड्रम भरून गेले होते. वास आधी आला. मग शोधलं तर दोन फुलं, उमललेली, आणि कळ्या मोजल्या तर ३१. खुडता येईनात, चिमूट वळत नव्हती, म्हणून तळहात खाली धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या बाजूनं टोचून फूल पाडलं हातात. एक देवाला, एक शेजारच्या काकूंच्या ओटल्यावर ठेवून आले.

संध्याकाळी काकू आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी वेफर्स घालीन तेव्हा आधी तुझ्या ड्रमला कुलूप लावून घेईन. हसल्या.

बाकी सगळंच काही गोड नाही. मार्चमध्ये आजार उसळला होता, बारा दिवस ओटल्यावर आलेच नाही. जास्वंदीला पांढरा मावा लागला, कोणी बघितलं नाही, ती गेली. यांनी सांगितलं असतं पण त्यांना वाटलं पांढरी फुलं येत आहेत.

उजवा_हात (इंदूर)
१४ एप्रिल

पांढरी फुलं! आमच्याकडे असंच गांडुळांना 'कीड लागली' म्हणून फिनेल टाकलं गेलं होतं.

ताई, पावसाळ्यात त्या मोगऱ्याची एक फांदी मिळेल का? मला लाल रिबिनीच्या शेजारी लावायची आहे, डावीकडे.

चाकांवर (इंदूर)
१४ एप्रिल

मलाही. पण मी घेऊन जायला येणार, कुरिअर नको. ओटल्याला पायरी आहे का?

ओटल्यावरची (इंदूर)
१५ एप्रिल

दोघांनीही या, जुलैत, पाऊस लागला की. फांद्या मी आधीच लावून मुळं फोडून ठेवते. पायरी एकच आहे, आत्ताच यांना पट्टी घेऊन मोजायला लावली, सात इंच. तुमचा तो एकास बाराचा हिशोब लावला तर फळी सात फुटांची लागेल ना? सुताराला सांगायचं आहे.

चाकांवर (इंदूर)
१५ एप्रिल

सात फूट, बरोबर. रुंदी तीन फूट, आणि दोन्ही कडांना इंच-दोन इंचाची पट्टी मारायला सांगा, नाहीतर मी काकूंच्या वेफर्समध्ये जाईन.